साळूबाईची हरकत

साळूबाईनं विधवा सुनेचं दुसरं लग्न स्वतःच जुळवलं होतं. मुलगा दानियाल अंबड रोडला मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. ती तेव्हा रडली नाही आणि पुढंही रडली नाही. वेळेवर जेवायची, चर्चला जायची, गाणी म्हणायची. आत मात्र सगळं गार. आता कुणात जीव गुंतवायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

सून सुवार्ता माहेरी परत गेली नाही. दर शनिवारी सासूच्या डोक्याला तेल घालायची. "कशाला उगं," म्हणत साळूबाई डोकं पुढं करायची.

मग पावसाळ्यात सुवार्ताला डेंगू झाला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या बसल्या साळूबाईच्या ध्यानात आलं, की जीव केव्हाच गुंतलाय. पोरगी बरी होऊन घरी आली, त्याच आठवड्यात साळूबाईनं मंठा गावच्या एका मास्तरांकडे सुवार्तासाठी लग्नाचा निरोप धाडला. "केवढा त्याग!" चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. त्याग कसला! ही तरी आपल्या घरातून जिवंत जाऊ दे, एवढंच तिनं देवाकडं मागितलं होतं.

चर्चमध्ये ओळीनं तीन रविवार लग्नाची सूचना वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तिसऱ्या रविवारी शेजारची केशरबाई कानाशी लागली, "बायबलातल्या रूथनं सासूला, नामीला, सोडलं नव्हतं बरं, साळूबाई."

"नामीला भाकरी येत नसतील थापता. मला येतात. गप बस."

पाळकसाहेब वाचू लागले, "ख्रिस्तवासी दानियाल यांची विधवा, सुवार्ता..." दानियाल आणि सुवार्ता, दोघांची नावं एका दमात इथं ऐकायची ही शेवटचीच वेळ. पुढच्या रविवारी सुवार्ता मंठ्याची. "कुणाची हरकत आहे?"

साळूबाई उभी राहिली. सगळ्या नजरा तिच्याकडं वळल्या. सुवार्ताच्या हातातलं गीतांचं पुस्तक तसंच उघडं राहिलं.

"ऐकू आलं न्हाई," साळूबाई म्हणाली. "परत वाचा."

पाळकसाहेबांनी मोठ्यानं परत वाचलं. दोन्ही नावं होईस्तोवर ती उभी होती. मग पदर सावरून बसली. डोळे कोरडेच.

घरी आल्यावर सुवार्तानं विचारलं, "मामी, पहिल्या बाकावर बसून ऐकू आलं न्हाई?"

"पंखा लई वाजतो." साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली, अंबाडा सोडला. "तेल घाल."

"आज शनिवार न्हाई, मामी."

"म्हाईतंय. घाल."