नॉर्मलचा गुण्या

लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून 'नॉर्मल' म्हटलं आणि अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहराच पडला. मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिल्यापासून ते नीट जेवले नव्हते. रेणापूरला परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "खरं सांग. मला काय येडं समजतीस?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि या शब्दावर माझा आधीपासून राग आहे. आमच्याकडे बाळ कसं आहे याच्या आधी 'नॉर्मल का सीझर' ते विचारतात. जावई पीत नसला की नॉर्मल. बीपी नॉर्मल, नवराबायकोचा अबोलाही नॉर्मल. इतक्या ठिकाणी खपणारा शब्द प्रामाणिक कसा असेल?

अप्पांचा संशय मात्र वेगळा होता. आईच्या आजारपणात त्यांनीच आम्हाला ओट्यावर बसवून बजावलं होतं, "तिला न्हाई सांगायचं. इचारलं तर नॉर्मल हाय म्हणायचं." दुखणं मोठं असलं की दुखणाईताला कळू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. आई जाईपर्यंत सगळ्यांनी ती पाळली. आता त्याच घरातली माणसं त्यांना तोच शब्द ऐकवत होती.

मग आमच्यावर पाळत सुरू झाली. मी फोन घेऊन अंगणात गेले की त्यांच्या सुतारकामाची ठोकठोक थांबायची. भावानं केळी आणली तर "आज कशापायी?" शेजारीण सहज डोकावली, तर तिला कोणी बोलावलं याची चौकशी. एके सकाळी रंधा, करवत, पटाशा पुसून, तेल लावून ओळीनं मांडलेल्या दिसल्या. गावातल्या दुसऱ्या सुताराला देऊन टाकणार म्हणाले. मी भडकले, आणि त्याहून जास्त घाबरले. धडधाकट माणूस मरायची तयारी करत होता.

"अप्पा, नॉर्मल शब्द कुठून आला माहितीय? लॅटिनमध्ये नोर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला धरून जे बरोबर, ते नॉर्मल."

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी ओळीतला गुण्या उचलला, काटकोन बघायचा तोच. "आन् गुण्याच खोटा असला तर?"

मग फळीच्या सरळ कडेला तो लावून त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. गुण्या उलटा केला, तिथंच पुन्हा रेघ मारली. दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसली. "नवा गुण्या असा उलटून बघावा लागतो. मंग इश्वास."

म्हणून आम्ही नांदेड गाठलं. लातूरचा कागद दाखवायचा नाही, ही त्यांची अट. डॉक्टर पार अनोळखी. गाठ पुन्हा तपासली. निकालाच्या दिवशी मलाही आत येऊ दिलं नाही, न जाणो मी डोळ्यानं काही खुणावलं तर. मी बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या नर्सचे चेहरे वाचत होते. अप्पांचा रोग मला लागला होता.

अप्पा बाहेर आले. "ह्यो बी नॉर्मलच म्हणला."

मला तिथंच रडू फुटलं. "आता तरी पटलं?"

"पटलं."

बसस्टँडवर मी दोन चहा घेतले. बस लागेपर्यंत त्यांनी आपल्या कपाला हात लावला नाही. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, आता तरी हसा की, असं मी चिडूनच म्हणाले.

"तुझी आई म्हणली होती," ते कपाकडे बघत बोलले, "एकदा नांदेडला दाखवून बघू. म्याच म्हणलो, समदं नॉर्मल हाय, मंग कशाला?"

मी माझा कप खाली ठेवला.

"तिनं नुसतं 'बरं' म्हणलं."