मिठाच्या वाटेवरची योलांद

पडदा वर जातो. आधी काहीच दिसत नाही, नुसतं धुकं. मग हळूहळू दोन्ही बाजूंचे मातीचे बांध दिसू लागतात, चांगले पुरुषभर उंचीचे. त्यांवर ओकची आणि चेस्टनटची झाडं. फांद्या वर एकमेकींत अडकून त्यांचं छप्पर झालेलं, आणि मधून खाली उतरत गेलेली खडीची वाट. ऑक्टोबरातला गुरुवार, सकाळचे नऊ. विंगेतून आधी चाकांखाली चुरचुरणाऱ्या खडीचा आवाज येतो, मग एका बाईचा.

"बॅटरी संपली का रे, म्हाताऱ्या?"

मागून धापा टाकत उत्तर येतं, "तुझी जीभ चालू आहे ना, तिच्यावर चार्ज करून घेतो!"

अकरा वर्षं हा प्रवेश मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. माझं घर या वाटेच्या वरच्या टोकाला आहे. आमची फिरती नाटकमंडळी मोडली, तेव्हा मी क्रझ जिल्ह्यातल्या या पठारावर येऊन राहिलो, आणि गाव मला 'नटोबा' म्हणू लागलं. आयुष्यात मोठमोठ्या नट्यांबरोबर उभा राहिलो, पण इतका हुकमी प्रवेश घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिचा प्रवेश चुकू नये म्हणून मी कॉफी गॅसवर ठेवून पुन्हा खिडकीत यायचो. कितीदा तरी कॉफी उतू गेली.

ती योलांद. चौतीस वर्षं तिनं या भागात टपाल वाटलं. आधी सायकलवर, मग मोपेडवर, शेवटी पिवळ्या गाडीत. गाडीवर तिचा राग होता. म्हणायची, "गाडीतून फक्त कुत्री ओळखू येतात." निवृत्त झाल्या महिन्यातच तिनं रुंद टायरांची, वळलेल्या हँडलची सायकल घेतली. गाव तिला 'खडीची सायकल' म्हणे. पण चालवायची कुठे? डांबरी रस्त्यावर लाकडाचे ट्रक, आणि जुन्या पायवाटा काटेरी झुडपांनी गिळलेल्या. मग ही बाई मागच्या कॅरियरला कोयता आणि करवत बांधून निघायला लागली. पूर्वी खेचरांवरून मीठ यायचं ती मिठाची वाट, माझ्या घरापासून खाली धोबीघाटापर्यंतची, तिनं दोन हिवाळ्यांत एकटीनं मोकळी केली. चेस्टनटच्या काटेरी बोंडांनी टायर फुटायचे, म्हणून शरद ऋतूत ती झाडूही घेऊन यायची. वाट झाडणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे?

आणि तिच्या मागून येणारा तो नॉर्बेर. तांबड्या गाईंचा मालक, एके काळचा आमचा उपसरपंच. बायको गेल्यावर तो घरात नुसता बसून राहिला होता. पुढे शेत आणि गाई त्यानं जावयाच्या ताब्यात दिल्या आणि आणखीच रिकामा झाला. योलांद एक दिवस त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ. तुझ्या गाईसुद्धा दिवसाकाठी तुझ्यापेक्षा जास्त चालतात." पुढच्या महिन्यात त्यानं बॅटरीवाली सायकल आणली. तेव्हापासून दर गुरुवारी ती पुढे, तो मागे. धोबीघाटाच्या दगडावर बसून तिनं आणलेली उकडलेली अंडी, पाव आणि त्यानं आणलेलं चीज खायचं, आणि भांडत भांडत परत यायचं. गावात कुणी डोळा मारलाच तर योलांद सांगे, "अहो, मला नवरा नको, मला मागून कुणीतरी येतंय हे ऐकायला हवं."

गेल्या वर्षी सप्टेंबरात पंचायत कचेरीच्या काचेच्या पेटीत नोटीस लागली. नॉर्बेरच्या जावयानं मिठाची वाट विकत मागितली होती. दोन्हीकडची शेतं त्याच्याच ताब्यात, मधली वाट मोडली की सगळं एक सलग रान होणार. आमच्याकडे कायदा असा की गावाची वाट लोक वापरत असतील तर ती विकता येत नाही. पंधरा दिवस कचेरीत एक वही ठेवतात. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं त्यात लिहून सही करायची. मग बाहेरून आलेला चौकशी अधिकारी ती वाचून मत देतो.

योलांद वाचताच पेटून उठली. शहरातली सायकलवाली मंडळी महिन्यातून एकदा याच वाटेनं यायची, वीस-बावीस जणं. सगळ्यांना बोलावून वही भरून टाकायची, असं तिनं ठरवलं. नॉर्बेरनं तिला माझ्याच ओट्यावर बसून थंड केलं.

"जावयाचं डोकं फिरलंय, मी बघतो त्याच्याकडे. पण तू घाई करू नकोस. बाहेरच्या लोकांनी लिहिलं की सरपंच बिथरतो. म्हणेल, आमच्या गावात हे पाहुणे कोण नाक खुपसणारे? आणि तू तर लिहूच नकोस. कचऱ्याच्या डब्यांवरून तू त्याला भर सभेत भोपळा म्हणालीस."

"भोपळाच आहे तो."

"असू दे. पण मी वीस वर्षं पंचायतीत होतो. माझा एकट्याचा शब्द पुरे. मी लिहितो."

योलांदनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना, नटोबा? तूही आता पल्लेदार भाषणं लिहायला जाऊ नकोस." मी गेलो नाही. शहरातल्या मंडळींनाही तिनं स्वतः फोन करून थांबवलं. आमच्या गावात एखाद्यानं 'मी बघतो' म्हटलं की पुन्हा विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि तो अपमान माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. वहीच्या पंधरा दिवसांत दोन गुरुवार आले. दोन्ही गुरुवारी ती दोघं फिरून आली, धोबीघाटावर बसली, आणि योलांदनं वहीचा विषय काढला नाही.

वहीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, योलांद मला म्हणाली, "चल, त्यानं काय लिहिलंय ते वाचून येऊ. त्याचं अक्षर तुला लागणार नाही, मला चौतीस वर्षांची सवय आहे."

आम्ही पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. कचेरी पाचला बंद. कचेरीच्या कारकून मादाम काझाल कोट चढवूनच बसल्या होत्या. वहीत मोजक्या नोंदी होत्या. पहिली नॉर्बेरची. योलांद मोठ्यानं वाचू लागली, अगदी खुशीत, आणि पहिलं वाक्य संपताच थांबली. मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. अक्षर चांगलं सुवाच्य होतं.

"ही वाट बऱ्याच वर्षांपासून वापरात नाही. माझी जमीन लागून असल्यामुळे मी खात्रीनं सांगू शकतो. गेल्या अकरा वर्षांत मी तिथे कुणालाही जाता-येताना पाहिलेलं नाही."

खाली सही, आणि तारीख. तारीख पहिल्या दिवसाची होती. म्हणजे हे लिहून झाल्यावर दोनदा तो तिच्या पाठीमागून त्याच वाटेनं उतरला होता. तिनं सोललेली अंडी खाल्ली होती.

रंगमंचावर वाक्य विसरलेला नट मी पाहिलेला आहे. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडतो. योलांदचा पडला नाही. ती ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली, पत्ता चुकलेलं पाकीट उलटसुलट करून पाहावं तसं.

"मादाम योलांद, काही लिहायचं असेल तर लिहा हो. पाचला मला वही शिक्का मारून बंद करावी लागते," मादाम काझाल हळूच म्हणाल्या.

मी तिच्या हातात पेन दिलं. "लिही. दर गुरुवारी नॉर्बेरबरोबर गेले, असं लिही. नावानिशी. त्याची नोंद तिथल्या तिथे खोटी पडेल, वाट वाचेल. मी खाली साक्ष देतो, मी दर गुरुवारी पाहिलंय."

तिनं लिहायला घेतलं. मी मनातून तिच्या प्रत्येक शब्दाला टाळ्या देत होतो. मग पेन थांबलं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला. तिनं आणखी एकच शब्द लिहिला, सही केली आणि वही सरकवली. मी वाचलं: "अकरा वर्षं दर गुरुवारी मी या वाटेनं सायकलवरून जाते. एकटी."

"एकटी? अगं, हे काय केलंस! इकडे आण, मी लिहितो..."

पण मादाम काझालनी घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली आणि शिक्का मारला. "पाच वाजले, मस्यू."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकलो. तू त्याला कशाला वाचवलंस, म्हणून विचारलं. सायकलचं कुलूप काढता काढता ती म्हणाली, "मी कुणाला वाचवलं नाही, नटोबा. खरं तेच लिहिलं. मला वाटत होतं माझ्या मागून कुणी येतंय."

सरपंचाला भोपळा म्हणणाऱ्या एका बाईचा शब्द एकीकडे आणि माजी उपसरपंचाचा दुसरीकडे. चौकशी अधिकाऱ्यानं कुणाचा धरला असेल, हे सांगायला नको. डिसेंबरात पंचायतीनं ठराव केला. फेब्रुवारीत माझ्या खिडकीखाली चेस्टनटची झाडं तोडली गेली, बांध सपाट झाले आणि काटेरी तारेचे खांब उभे राहिले. योलांद आता डांबरी रस्त्यानं फिरते, ट्रक आला की खाली उतरून थांबते.

मार्चमध्ये एका दुपारी मी योलांदच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर अक्रोड फोडत बसलो होतो. नॉर्बेर दारात आला. हातात घरच्या प्लमच्या दारूची बाटली. तो आत आला नाही, तिनं बोलावलंही नाही. बाटली उंबऱ्यावर ठेवून तो तिथेच बोलू लागला, घोकून आल्यासारखा.

"जावई म्हणाला, वाट मिळाली नाही तर शेत सोडतो. एलोदीला आणि पोरांना घेऊन शहरात जातो. माझी एकच मुलगी आहे, योलांद. ती गेली असती तर मी त्या घरात कुणासाठी राहणार होतो? दोन गुरुवार मी तुला सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा तू अंडं पुढे केलंस. मला सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

योलांदनं हातातला अडकित्ता टेबलावर ठेवला. ती उठून दारापर्यंत गेली. मला वाटलं, आता दार लावेल.

"हेच लिहिलं असतं," ती म्हणाली. "पोरीसाठी मीही लिहिलं असतं. पण आदल्या दिवशी तुझ्या दारात येऊन तुला सांगितलं असतं, नॉर्बेर."