सुकरीचा गोऱ्हा

आलापल्लीजवळच्या टोल्यावर, आदिवासी वस्तीत, राहणाऱ्या सुकरीच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता. पुढची धानशेती आता तान्ह्या गोऱ्ह्याच्या जिवावर. तिच्या लोकांत गाय पिळायची रीतच नाही. दूध सगळं वासराचं.

एक दिवस जंगलगार्डाची बायको, मूल गावाकडची वच्छला, कडेवर पोर अन् हातात लोटा घेऊन आली.

“सुकरीबाई, चहापुरतं दूध दे वो. सासरे आले.”

गार्ड रुसला तर सरपण बंद होईल, हे सुकरी जाणून होती. तरी म्हणाली, “तुयं दूध तुया पोराले, गाईचं तिच्या पोराले.”

वच्छला हसत रिकाम्या लोट्यानं परतली. सासऱ्यांनी काळा चहा तोंड वाकडं करून घेतला.

चौथ्या पोळ्याला सुकरीचा तो गोऱ्हा, आता धिप्पाड बैल, जोडीनं वच्छलाच्या दारी आला. तिनं त्याचे पाय धुतले, पुरणपोळी पुढे धरली.

“खाय बाप्पा. माया चहा तं तू कवाचाच पिऊन बसला.”