स्लॅबचं पाणी
ओल्या सिमेंटचा वास आला की माझा घसा कोरडा पडतो. चकलांबा गावातल्या आमच्या घराला एक खोली वाढवताना वडिलांनी सिमेंट, सळई, वाळू, मिस्त्री, सगळ्याचा खर्च धरला होता. बोअरच्या भरवशावर पाण्याचा तेवढा धरला नव्हता. स्लॅब ओतला आणि दुसऱ्याच दिवशी बोअर आटला. टँकरला पैसा उरला नव्हता. स्लॅब ओला राहावा म्हणून वर अंथरलेली भिजकी पोती कडक उन्हात वाळायला लागली. "तडकला तर समदं गेलं," वडील डोकं धरून बसले. आईनं पिण्याचा हंडा उचलला. "प्यायला कुणीबी देईल, स्लॅबला कोण देतंय?" म्हणत ती शिडी चढली. मला तांब्या देऊन शेजारी पाठवलं. शेजारची काकू आमच्या ओल्या स्लॅबकडं बघत म्हणाली, "वर वतायला हाय की पाणी!" आणि तिनं दार लावलं. स्लॅब अजून शाबूत आहे. मला मात्र आजही कुणाच्या घरी पाणी मागवत नाही.