प्यायलेली जीप

"गाडी ठीक आहे. म्हणजे माणूस प्यायलेला होता. सरळ आहे ना, जोशीबाई?" असं म्हणून आपटेसाहेबांनी फाइल मिटली.

आपटे म्हणजे आमच्या भोपाळच्या सरकारी कारखान्यातले पर्सोनेल मॅनेजर. पुण्याहून बदलून आलेले, प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. मी इंदूरची, ट्रान्सपोर्ट सेक्शनची इंजिनिअर. बाईमाणूस आहे, हलकं काम द्या, म्हणून मला नुकतंच मशीन शॉपमधून तिथे हलवलं होतं. आणि ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो रामसेवक, आमचा जुना ड्रायव्हर, बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसला होता. सस्पेंड झालेला. चौकशीत दोषी ठरला असता तर नोकरी गेली असती आणि तिच्याबरोबर टाउनशिपमधलं क्वार्टरही.

झालं होतं असं. कारखान्याची रेल्वे साइडिंग इंद्रपुरीकडच्या रस्त्याला छेदून जाते. तिथेच पुढे सिक्युरिटीची चौकी. सिक्युरिटी ऑफिसर तोमर चौकीत उभे असताना पंपहाउसची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप झोकांड्या खात समोर आली. थांबवून बघतात तर रामसेवकचे डोळे लाल. झालं, ड्रायव्हर नशेत असा रिपोर्ट.

"दवाखान्यात नेलं होतं का त्याला?" मी विचारलं. "चौकीवरून दवाखाना दिसतो."

"तोमरांना आवश्यकता वाटली नाही. अनुभवी आहेत ते."

माझं डोकंच फिरलं. भर उन्हाळ्यात उघड्या जीपमध्ये दिवसभर धूळ खाणाऱ्या माणसाचे डोळे लाल नाही तर काय पांढरेशुभ्र असणार? आणि नशा ओळखायला डॉक्टर लागत नसेल, तर टाउनशिपला दवाखाना कशाला बांधलाय?

"आणि गाडी ठीक असल्याचं कोणी सांगितलं?"

"कमिटीने. तिघंही वरिष्ठ अधिकारी. लाइट, हॉर्न, ब्रेक पाहिले, चालवूनही पाहिली."

"कुठे चालवली?"

"कॅम्पसमध्ये."

कॅम्पसमध्ये जागोजागी वीसच्या स्पीडची पाटी आहे. कमिटीने वीसच्या स्पीडने बंगल्यांभोवती चक्कर मारली, सावलीत गाडी लावली आणि सही केली. एका माणसाची भाकरी त्या सहीवर अवलंबून होती आणि यांना गेटबाहेर जायचं सुचलं नाही.

मी बाहेर येऊन रामसेवकला विचारलं. आमचं बोलणं अर्थात हिंदीत.

"मॅडम, पटरी पर चढते ही स्टेरिंग पागल हो जाता है," तो म्हणाला. "धीरे चलाओ तो कुछ नहीं. जरा स्पीड हुई, कि दोनों हाथों से भी नहीं सँभलता."

"वर्कशॉप में बताया नहीं?"

"कितनी बार बताया. स्टेरिंग बॉक्स कस देते हैं और कहते हैं, जा, हो गया."

हे ऐकून तर मला आमच्याच लोकांचा संताप आला. स्टिअरिंग बॉक्स घट्ट केला की स्टिअरिंग फिरवायला जड होतं, एवढंच. दुखतंय गुडघा आणि बाम लावतायत कपाळाला.

जीप मी वर्कशॉपमध्ये घेतली आणि पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला. चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खटखट वाजलं. आता इथे दोन शक्यता असतात. एक, चाकाची स्वतःची बेअरिंग सैल आहे. दुसरी, किंगपिन गेली आहे. किंगपिन म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या आखूड पिना. एक वर, एक खाली, दाराच्या बिजागरीसारख्या. दोन्हींतला फरक कळायची युक्ती सोपी आहे. कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा आणि चाक परत हलवायचं. ब्रेकने चाक जखडल्यावर खटखट थांबली तर चाकाची बेअरिंग. नाही थांबली तर किंगपिन.

"रामसेवक, बसो और ब्रेक दबाओ."

आमचा हेड मेकॅनिक दुबे पुढे झाला. "मॅडम, ये सस्पेंड है. गाडी को हाथ नहीं लगा सकता."

"हाथ कौन लगा रहा है? पैर लगाने को कहा है," मी म्हटलं.

रामसेवकने ब्रेक दाबला. मी चाक हलवलं. खटखट तशीच. दुसऱ्या बाजूलाही तेच. बिजागऱ्या खिळखिळ्या झालेल्या. अशा गाडीचं एक चाक आधी कशावर आपटलं की दोन्ही चाकं थरथरायला लागतात, आणि स्पीड कमी होईपर्यंत थांबत नाहीत. आमची साइडिंग रस्त्याला तिरकी आहे. डावं चाक रुळावर आधी चढतं. म्हणजे ही जीप नेमकी तोमरसाहेबांच्या चौकीसमोरच डुलणार होती, ड्रायव्हर कोणीही असो.

दुबे लगेच पाने काढायला लागला. मी म्हटलं, खबरदार, आत्ता काही खोलायचं नाही.

आपट्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जोशीबाई, मला त्यातलं तांत्रिक कळत नाही. कमिटीने ठीक म्हटलंय. तुमचं एकटीचं मत मी कसं धरू?"

"मत नका धरू. चला, बसा गाडीत."

तोमरांनाही बोलावून घेतलं. म्हटलं, तुम्ही फौजेत जीप चालवलेली आहे, तुम्हीच चालवा. ते खूश झाले. मी शेजारी, आपटे मागे, रुमाल टाकून त्यावर बसलेले. तोमरांना आधीच बजावलं, स्टिअरिंग घट्ट धरा, काहीही झालं तरी ब्रेक एकदम मारू नका, हळूहळू दाबा.

"मॅडम, मुझे मत सिखाइए," तोमर म्हणाले.

गेटबाहेर पडल्यावर त्यांनी चाळीसचा स्पीड घेतला. साइडिंग आली. डावं चाक चढलं आणि जीप पिसाळली. स्टिअरिंग तोमरांच्या हातात असं फडफडलं की त्यांची टोपी मागे आपट्यांच्या मांडीवर पडली. जीप या कडेला, मग त्या कडेला. चौकीतला शिपाई धावत बाहेर आला आणि आपल्याच साहेबांना बघून सॅल्यूट ठोकून उभा राहिला. एकदाची गाडी थांबली. तोमरांना घाम फुटला होता आणि डोळे धुळीने लाल झाले होते.

"तोमरसाहब," मी म्हटलं, "मुँह सूँघ लूँ आपका, या दवाखाने चलें?"

आपट्यांनी टोपी झटकून त्यांच्या हातात दिली.

मग गाडी खोलली. पिना ज्या गोल डब्यात बसतात, त्याच्या तोंडाशी चिखल आत जाऊ नये म्हणून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, रिंग असते. ती फाटून कधीच गेली होती. पंपहाउसकडे जाताना जीप नाल्यातून जायची, पाणी सरळ आत. ग्रीसच्या जागी लाल गंजाचा लगदा निघाला. पिनांच्या बेअरिंग स्टोअरमध्ये नव्हत्या, जवाहर चौकातल्या दुकानातून आणवल्या. पिना किती घट्ट बसल्या हे बघायला चाक ज्यावर बसतं तो वळणारा सांधा स्प्रिंगच्या काट्याने ओढून किती वजनाला वळतो ते मोजावं लागतं. वर्कशॉपमध्ये काटा नव्हता, तो रद्दीवाल्याकडून मागून आणला. पिनांशी पातळ चकत्या घालत-काढत बरोबर वजन आणलं. चाळीसने साइडिंगवरून नेली, जीप जराही डुलली नाही.

रामसेवक कामावर परतला. क्वार्टर राहिलं. मी पेढे आणले होते, पण ऑर्डर वाचली आणि पुडा तसाच राहिला. लिहिलं होतं, संशयाचा फायदा देऊन सस्पेन्शन मागे घेण्यात येत आहे.

मी तडक आपट्यांकडे गेले. "संशय कसला उरलाय? तुम्ही स्वतः मागे बसला होतात."

"अहो, निर्दोष लिहिलं तर तोमरांचा रिपोर्ट खोटा ठरतो. कमिटीचाही."

"मग ठरू दे की."

"तसं नसतं, जोशीबाई. काम झालं ना त्याचं?"

मी भांडले, वर लिहिलं, पुन्हा भांडले. शब्द बदलला नाही. रामसेवक रिटायर झाला तेव्हाही ते वाक्य त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तसंच होतं. त्याने मला एकदाच विचारलं, "मॅडम, शक तो गाडी पर था ना? तो फायदा मुझे क्यों दिया?"

तुमच्याकडे अशी जुनी जीप असेल आणि ती झोकांड्या खात असेल, तर आधी जॅक लावा, चाक हलवा, कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ड्रायव्हरचं तोंड नंतर हुंगा.