कुशाबाईचा पानमळा आणि भाऊसाहेबांचे बूट

माझी धाकटी जाऊ कुशाबाई निमगाव केतकीच्या आमच्या पानमळ्यात चाळीस वर्षं राबली, पण पायात चप्पल घालून एकदाही आत गेली नाही. आमच्याकडं रीतच आहे ती. पानवेल देवासारखी, पायताण बांधावर काढायचं. बाकीच्यांच्या हातून कधी चुकायचं, हिच्या नाही. तिनं सख्ख्या व्याह्याला बांधावरनं माघारी धाडलं होतं. बिचाऱ्याच्या पायात नुसते मोजे होते.

गेल्या साली मे महिन्यात पावसानं गाठलं. मळ्यात चार दिवस गुडघाभर पाणी. वेली चढवायच्या शेवऱ्यांची झाडं आडवी झाली, वेली त्यांच्याखाली कुजल्या. सरकारची मदत मिळणार होती, पण पंचनामा झाला तर. आणि पंचनाम्याच्या अगदी शेवटच्या दिवशी तलाठी अविराज भाऊसाहेब बांधावर आले, ते गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून.

"भाऊसाहेब, बूट काढा," कुशाबाई म्हणाली.

माणूस गरीब. बांधावर बसून ओढायला लागले. तीन दिवस चिखलात हिंडून पाय सुजलेले, बूट निघेना. माझा थोरला हिंदुराव बूट ओढत होता, मी भाऊसाहेबांना मागनं काखेत धरलं होतं. बूट काही आला नाही, भाऊसाहेबच सरकत खाली आले.

"मावशी, मी इथूनच फोटो काढतो."

काढला. मोबाईलमधलं पंचनाम्याचं ॲप घेईना. शेतात उभं राहून काढा म्हणालं.

मग भाऊसाहेबांनी डोकं चालवलं. "मावशी, मळा राहिलाय कुठं? सगळा झोपलाय. मळाच नाही तर बुटाचं काय?"

"मळा हाय."

"मग नुकसान नाही असं लिहू?"

"नुकसान हाय की."

"मग मळा गेला असं म्हणा एकदा. मी आत जातो."

मी कुशाबाईला कोपरानं ढोसलं. "म्हण की बाई, कागदापुरतं. उद्या यादी बंद झाली तर नवं बेणं कशानं आणशील?"

"आक्का, मळ्याच्या तोंडावर कसं म्हणू?"

शेवटी हिंदुराव म्हणाला, "काकी, बूट जमिनीला लागलाच न्हाय तर?"

तिनं बुटांकडं नीट पाहिलं. "अधांतरी असला तर चालंल."

हिंदुरावानं भाऊसाहेबांना पाठुंगळी घेतलं आणि चिखलात शिरला. भाऊसाहेबांनी दोन्ही पाय पुढं ताठ धरलेले. "वर धरा, वर," कुशाबाई मागनं सांगत होती. फोटोत शेतकरी पाहिजे म्हणून ती पदर नीट करून कुजक्या वेलींपुढं उभी राहिली, लग्नात राहावं तशी.

"काकी, हसू नगं, नुकसानीचा फोटो हाय," हिंदुराव खालनं धापा टाकत म्हणाला.

या खेपेला मोबाईलनं फोटो घेतला. भाऊसाहेब पाठीवरनंच वाचायला लागले, "पीक पानवेल, नुकसान शंभर..."

"हितं नगं," कुशाबाई म्हणाली. "बांधावर चला."

बांधापलीकडं, मळ्याकडं पाठ करून, भाऊसाहेबांनी हळू आवाजात सगळं वाचलं. तिनं ऐकलं, सही केली आणि त्यांच्या पायाला हळद उगाळायला गेली.

श्रावणात मदत खात्यावर आली. तिनं बेणं आणून त्याच जागेत लावलं. मधलं काहीच मळ्याला कळलेलं नाही असं ती समजते, आणि आम्हीही कुणी सांगत नाही.