दुब्रिन्काच्या रिंकची चावी

पारास्काकाकू दोलिन्स्की एकतीस वर्षं दुब्रिन्का गावाची कारकून होती. नळ गोठला, काकूला बोलवा. कुत्रं सुटलं, काकूला बोलवा. थंडीत कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंकमध्ये बर्फ लावायचं कामही तिचंच. पाईपनं पाणी सोडायचं, थर गोठू द्यायचा, पुन्हा पाणी. शेवटी पाठीवरच्या डब्यातून कोमट थेंब शिंपडायचे, म्हणजे बर्फाला खरखर येते आणि दगड लांबवर पळतो. तिच्या बर्फावर खेळायला लोक चाळीस मैलांवरून यायचे.

त्या गावाचं गावपण आम्ही घालवलं. आम्हीच. पंचायतीच्या निवडणुकीत तीन जागा, आणि मुदत संपेपर्यंत उमेदवारीचा एक अर्ज नाही! काकू गावची नोकर, तिला उभं राहता येत नव्हतं. ती कागद घेऊन दारोदार फिरली. पण आपलं नाव आपणच पुढं करणं म्हणजे आमच्यात मिरवणं. मी म्हणालो, "माझं कशाला, काकू? शेजारच्या मेथोडीला विचारा." मेथोडीनं ओरेस्टकडं बोट दाखवलं, ओरेस्टनं माझ्याकडं. तेवीस माणसांत फिरून कागद कोराच परत आला. पंचायतच नाही म्हणून जुलैत गाव संपलं, आम्ही आसपासचा सगळा भाग बघणाऱ्या ग्रामीण मंडळाच्या हद्दीतली नुसती वस्ती झालो.

नोव्हेंबरात मंडळाचं पत्र आलं. तीन जणांनी सही करून रिंकची जबाबदारी घ्यावी, नाहीतर कुलूप. वसंतात इमारत पाडणार. पत्र रिंकच्या दारावर तीन आठवडे फडफडत राहिलं. सही म्हणजे पुन्हा आपलं नाव पुढं करणं. नको.

मुदतीच्या दिवशी भर दुपारी मंडळाचा लायल गाडी घेऊन चावी न्यायला आला, तेव्हा मात्र रिंकसमोर सतरा जण हजर.

"हात लावून बघ कुलपाला!" ओरेस्ट ओरडला.

"आमच्या बापांनी बांधलंय हे!" मेथोडी म्हणाला.

"मला कशाला शिव्या देता? मी हुकमाचा ताबेदार," लायल म्हणाला.

काकू चावी मुठीत धरून मधे आली. तोंड आमच्याकडं.

"त्याच्यावर काय भुंकता? भांडायला सतरा, सही करायला एक नाही! लाजता? मेल्यांनो, नवरीसुद्धा लग्नात सही करते! लायल, घे ही चावी. एकतीस वर्षं ह्या लोकांसाठी बर्फ घातला, आता ह्यांच्या कपाळावर घालते."

तिनं खरंच हात पुढं केला. मी दारावरचा कागद ओरबाडला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. कान तापले. मेथोडी शिव्या देत आला, त्यानंही केली. ओरेस्ट बुटांकडं बघत उभा राहिला. बाकीचेही.

"दोन झाल्या. तिसरी लागते," लायल म्हणाला.

"आण इकडं," काकू म्हणाली.

"पण काकू, तुम्ही तर गावच्या नोकर..." मी म्हणालो.

"कुणाची? गाव तुम्ही मारलंत, नोकरी त्याच्याबरोबर गेली. आता मला कोण अडवतंय?" पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तो तिनं लायलच्या छातीवर आपटला. "जा, दाखव तुझ्या मंडळाला."

लायल गेला. ओरेस्ट पुटपुटला, "काकू, मी करणारच होतो हो..."

"गप! पाण्याचा पाईप आत ओढ," ती म्हणाली, आणि दार उघडून आत गेली.